वाऱ्याचा पाहुणचार

सायकल हे वाहन अजून जन्माला यायचंच आहे, असं ठाम मत असलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो आमचा व्याही आहे. रस्त्यावर आपण जे पाहतो, ज्याच्यावरून दूधवाले, शाळेची पोरं आणि हल्ली पहाटे अंगाला चिकटलेले कपडे घातलेले डॉक्टर-वकील फिरतात, ते व्याह्यांच्या लेखी नुसतं कच्चं काम. खरी सायकल त्यांच्या डोक्यात असते आणि डोक्यातून उतरून ती कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर येते. त्यापायी त्यांच्या कोल्हापूरच्या घरात एकाही भिंतीवर चालू महिना सापडत नाही. महिना संपेपर्यंत दम धरण्याची त्यांची तयारी नसते, आणि संकष्टी कधी आहे हे बघायला विहीणबाई शेजारी जातात. या सायकली पुन्हा साध्यासुध्या नव्हेत. घड्याळाशी एकट्यानं लावायच्या शर्यतीच्या, म्हणजे टाइम ट्रायलच्या, नाहीतर आधी पोहायचं, मग सायकल हाणायची आणि त्यातूनही जीव उरला तर पळायचं, अशा ट्रायथलॉनच्या. एकीला मधला दांडा नाही, एकीच्या चाकांना तारा नाहीत, एकीचं पुढचं चाक नुसतंच आहे, ते कशाला धरलेलं आहे हे परमेश्वराला ठाऊक. प्रत्येकीच्या खाली साल लिहिलेलं असतं. "ही दोन हजार साठची," असं त्यांनी एकदा मला दाखवलं, तेव्हा मी भीतभीत विचारलं, की साठची आत्ताच कशाला काढलीत? "तवा ऐनवेळी धावपळ नको, इवाई," ते म्हणाले. व्याह्याला ते इवाई म्हणतात, आणि इतक्या मोठ्या आवाजात म्हणतात की गल्लीतली आणखी दोन-चार माणसं 'ओ' देतात.

धंदा म्हणाल तर फायबरचा कारखाना. बागेत तोंड वासून उभे असलेले पेंग्विन आणि ससे तुम्ही पाहिले असतील, ज्यांच्या तोंडात आपण केळीची सालं टाकतो. आमच्या भागातले बहुतेक पेंग्विन व्याह्यांचे. मुरगूडपासून गडहिंग्लजपर्यंत कुठल्याही बागेत गेलं तरी ते आपल्या पेंग्विनाच्या डोक्यावरून हात फिरवून येतात आणि त्याच्या तोंडात कचरा कमी दिसला तर गावाला नावं ठेवतात.

सोयरीकही सायकलीनंच जमली. आम्ही मुलगी बघायला गेलो होतो. मुलाचा पगार, शेती, मंगळ, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. आमचा मुलगा ट्रायथलॉन करतो एवढं कानावर पडताच ते पाटावरून उठून त्याच्या शेजारी येऊन बसले. मुलगा पोहण्याचं सांगू लागला, तर त्याला हातानं थांबवून म्हणाले, "पवणं आन् पळणं कुत्री बी करत्यात. सायकलचं बोला." पुढचा तासभर दोघं सायकलचं बोलत होते आणि पोह्यांची बशी हातात धरून ताटकळलेल्या मुलीनं शेवटी वैतागून स्वतःच ते पोहे खाल्ले. मला सून पसंत पडली ती तिथेच.

वाऱ्याविषयी त्यांचं एक तत्त्वज्ञान आहे. जगातले सगळे सायकल बनवणारे वाऱ्याला कापायच्या मागे लागलेले आहेत, म्हणून सगळ्या सायकली सुरीसारख्या बारीक होत चालल्या आहेत. व्याह्यांना हे मुळात असंस्कृत वाटतं. "वारा म्हंजी पावणा," ते म्हणतात. "पावण्याला दारात अडवायचं न्हाय. आत घ्यायचं, पाणी द्यायचं, आन् मागल्या दारानं हळूच वाटंला लावायचं." म्हणून त्यांच्या सायकलींना पुढे एक ऐसपैस तोंड असतं आणि मागे एक अरुंद वाट. हे ऐकून मला हसू आवरत नाही, कारण घरी आलेल्या खऱ्या पाहुण्याला ते मागल्या दारानं सोडाच, पुढच्या दारानंही सुटू देत नाहीत. मला मधुमेह आहे हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्यावर गोड कमी आणि मटण जास्त एवढाच तोडगा त्यांनी काढला आहे.

एकदा पावसाळ्यात मला गाडीत घालून ते गगनबावड्याला घेऊन गेले. मला वाटलं घाट बघायला. प्रत्यक्षात एका सायकलीचा हलकाफुलका नमुना त्यांनी थर्माकोलचा केला होता आणि त्याच्या अंगावर विहीणबाईंच्या अर्धवट स्वेटरची लोकर उसवून तिचे धागे चिकटवले होते. धागे कसे उडतात त्यावरून वारा कुठून आत जातो आणि कुठून बाहेर पडतो हे कळणार होतं. भर पावसात, धुक्यात, घाटाच्या टोकाला उभे राहून त्यांनी नमुना दोन्ही हातांनी वर धरला. वारा आत गेला, हे मी शपथेवर सांगतो. पण तो मागल्या दारानं न जाता सायकलीसकट निघाला. नमुना आमच्या डोळ्यांदेखत धुक्यात शिरला आणि आमच्या आधी कोल्हापूरच्या वाटेला लागला. मी सांत्वनासाठी शब्द शोधत होतो, तोवर त्यांनी अभिमानानं माझ्या पाठीत थाप मारली. "बघितला न्हवं वेग?"

दुसरा प्रयोग रश्शाचा. या शर्यतींत पाणी सायकलीच्या पोटातच साठवतात आणि नळीनं ते स्वाराच्या तोंडाशी आणतात. व्याह्यांना पाणी हे पेय म्हणून मान्य नाही. अंगात ताकद यायची तर पांढरा रस्सा हवा, असं म्हणून त्यांनी कारखान्याच्या अंगणात एका सांगाड्यात टाकी बसवली, विहीणबाईंकडून पातेलंभर रस्सा करवून घेतला आणि जावयाला वर बसवलं. मुलगा बिचारा जीव खाऊन ओढत होता, पण नळीत खसखस अडकली. तेव्हा व्याह्यांनी खालच्या बाजूनं नळीला तोंड लावून छातीभर फुंकर मारली. बालपणी त्यांनी तालमीत घालवलेली वर्षं त्या फुंकरीत होती. रस्सा जावयाच्या तोंडात गेला, नाकात गेला आणि उरलेला भिंतीवर गेला. "गार झाला म्हणून असं झालं," ते म्हणाले. "गरम असता तर नीट आला असता." गरम रस्सा नाकात गेला असता तर काय झालं असतं, या विचारानं सूनबाई रडायच्या बेताला आल्या होत्या.

हे सगळं आम्ही गंमत म्हणून चालवून घेत होतो. पण मग अधिक महिना आला. अधिकात जावयाला जेवायला बोलावून वाण द्यायचं असतं, ऐपतीप्रमाणे चांदीचं ताट, कपडे, अनारसे. आम्ही सगळे गेलो. जेवणं झाली आणि व्याह्यांनी अंगणातल्या एका उंच वस्तूवरची शाल ओढली. खाली सायकल होती. कॅलेंडरवरून उतरून खरोखर जन्माला आलेली पहिलीच. आत लोखंडी सांगाडा, वर फायबर. पुढे ते ऐसपैस तोंड. रंग पाठीवर काळा आणि पोटाला पांढरा, कारण कारखान्यात तेवढाच शिल्लक होता.

"पप्पा," सून म्हणाली, "हा पेंग्विन हाय."

"मग? पाण्यात किती जोरात पळतो बघितलाईस का?"

ती हलवायला दोन माणसं लागली. विहीणबाईंनी हँडलला कुंकू लावलं. व्याह्यांनी जावयाचे हात हातात घेतले आणि गल्लीत कुणी 'ओ' देणार नाही इतक्या हळू आवाजात ते म्हणाले, "जावईबापू, एवढ्या काढल्या, पर रस्त्यावर एक बी गेली न्हाय. थंडीतल्या शर्यतीत हिला एकदा न्या. एकदाच." मुलगा 'हो मामा' म्हणाला. वाण नाकारता येत नाही. पण त्या थंडीतल्या शर्यतीसाठी तो वर्षभर रोज अंधारात उठून घाम गाळत होता, पहिल्या तिघांत यायचं एवढा एकच ध्यास त्यानं घेतला होता, हे माझ्यासारखंच त्याच्या बायकोलाही ठाऊक होतं.

तिनं मला बाजूला घेतलं. "अप्पा, मी लेक, ते जावई. आमाला बोलता येत न्हाय. तुमीच सांगा त्यास्नी." मुलाच्या बापाचा शब्द वजनदार असतो असा एक गैरसमज आपल्याकडे आहे. मी गडहिंग्लजहून मुद्दाम एसटीनं गेलो, वाटेत वाक्यं पाठ केली, आणि व्याह्यांच्या दारात पाऊल ठेवताच पुढ्यात ताट आलं. तांबड्या रश्शाच्या पहिल्या वाटीला मी म्हणालो, "सायकलविषयी जरा बोलायचं होतं." "आधी जेवा." दुसऱ्या वाटीनंतर ते स्वतःच सायकलविषयी बोलू लागले आणि तिसरीनंतर मी मान डोलावू लागलो. खाल्ल्या मिठाला जागणं एवढं महाग पडतं हे मला त्या दिवशी कळलं. निरोप न देताच मी परतलो आणि सुनेला फोनवर म्हणालो, की योग्य वेळ आली नाही.

संयोजकांनी नियम चाळले, पण त्यांत पेंग्विनाला मनाई कुठेच नव्हती. शर्यतीच्या दिवशी मुलगा तलावातून बाहेर पडला तो पहिल्या चार-पाच जणांतच. तिथून तो पेंग्विनावर बसला. गगनबावड्याच्या रस्त्यानं कळे गावापर्यंत जाऊन परत यायचं होतं. व्याही आणि मी कळ्याला, वळायच्या जागी, पाण्याच्या टेबलापाशी उभे. एक एक सायकल सणसणत यायची, स्वार कोपरं टेकून असा ओणवा, की साष्टांग घालता घालता मधेच कुणी हाक मारली असावी. पुष्कळ जण येऊन गेले. मग फार लांबून आमची स्वारी दिसली, आणि रस्त्याकडेच्या लोकांत एकच आनंद उसळला. बागेतला पेंग्विन गावात आला होता! शर्यतीतल्या बाकीच्यांना कुणी विचारत नव्हतं, सगळे याच्याकडे धावले. आणि समोर वासलेलं तोंड दिसल्यावर आमच्या भागातला शहाणा माणूस जे करील तेच त्यांनी केलं. एकानं केळीचं साल टाकलं. दुसऱ्यानं कागदी पेला. एक आजोबा नातवाला कडेवर घेऊन, सायकलीबरोबर चालत, त्याच्याकडून बिस्किटाचा कागद आत टाकून घेत होते आणि "शाब्बास" म्हणत होते. चालत, यावरून सायकलीचा वेग ध्यानात यावा.

"आरं वारा जाऊ द्या की त्यात, वारा!" व्याही दोन्ही हात वर करून पळत सुटले. पण वर्षानुवर्षं स्वतःच लावलेलं वळण एका आरोळीनं कसं मोडणार?

मुलानं शर्यत पुरी केली. त्याच्यामागे आणखी दोघं आले, त्यांतल्या एकाचा पाय मुरगळला होता. आम्ही शेवटच्या रेषेपाशी पोचलो तेव्हा मुलगा धापा टाकत कट्ट्यावर बसला होता. व्याह्यांनी सायकलीच्या तोंडात हात घालून सालं, पेले, भडंगाची पुडी, सगळं एकेक बाहेर काढलं, मला वाटलं आता आकाशपाताळ एक करणार. ते जावयापाशी गेले आणि हळू विचारलं, "खरं सांगा. तुमची नेहमीची सायकल असती तर कितवं आला असता?"

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. दमलेल्या माणसाला खोटं बोलायलाही बळ लागतं. "तिसरा आलो असतो मामा," तो म्हणाला. "कदाचित दुसरा."

"मग सांगिटलं का न्हाईस?"

"तुम्ही वाण दिलं होतं."

"वाण दिलं म्हणून वर्साची मेहनत मातीत घालशील व्हय रं?" जावयाला अरेतुरे करणारा सासरा मी आमच्याकडे पाहिलेला नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. ते त्याच्या शेजारी कट्ट्यावर बसले. त्या दिवशी त्यांच्या घरी कुणी कुणाला वाढण्याचा आग्रह केला नाही, आणि मला ते जेवण अजिबात गेलं नाही.

त्यानंतर त्यांनी चित्रं काढणं सोडलं. भिंतीवर चालू महिना दिसू लागला. विहीणबाई फोनवर म्हणाल्या, "घर कसं गप गप झालंय." मीही एकदा मुद्दाम जाऊन "नवीन काय?" असं विचारून पाहिलं, तर "काय न्हाय. पेंग्विनांची ऑर्डर हाय," एवढंच उत्तर आलं. इतकी वर्षं ज्या बडबडीला मी मनातल्या मनात हात जोडत होतो, तिच्यावाचून मला करमेना. मला तो माणूस हवा होता, तो आरडाओरडा हवा होता, आणि त्यासाठी माझी आणखी एक वाटी रस्सा प्यायची तयारी होती.

गेल्या महिन्यात मी मुलाकडे कोल्हापुरात होतो. रविवारी सकाळी दार वाजलं. व्याही. कानावर पेन्सिल, गळ्यात शिंप्याची टेप, काखेत कॅलेंडरची गुंडाळी. चहा नको म्हणाले. फरशीवर त्यांनी कागद पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. सायकल अगदीच साधी होती, तोंडबिंड काही नाही. पण तिच्यावर एक माणूस बसलेला होता, पेन्सिलीच्या रेघांचा, पाठ वाकवलेला. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की इतक्या वर्षांत कॅलेंडरांवर त्यांच्या इतक्या सायकली मी पाहिल्या, पण एकीवरही कधी कुणी बसलेलं नव्हतं.

"शर्ट काढून उभा ऱ्हा," ते जावयाला म्हणाले. तो उभा राहिला, लहानपणी शाळेचा गणवेश शिवायला टाकताना राहायचा तसा, हात बाजूला पसरून. व्याह्यांनी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत माप घेतलं, मांडीचं घेतलं, हातांचं घेतलं. मग ते पाठीमागे गेले, टेप मानेपाशी धरली आणि त्यांचा दुसरा हात त्याच्या पाठीवर तसाच राहिला.

"ह्येचा डावा खांदा जरा उतरता हाय," माझ्याकडे न बघताच ते म्हणाले. "तुमास्नी ठाऊक असंलच, इवाई."

मी हो म्हणालो. मला ठाऊक नव्हतं.