खलनायकाच्या हातचा घास

जाळं कितीही झटकलं तरी एखादी मासोळी त्यात अडकून राहतेच. आमच्या घरात किश्श्यांचं तसंच आहे. माझे बाबा वर्षभर तलावात मासे धरतात, आणि धान कापून झालं की होळीपर्यंत आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायकाचं काम करतात. कंपनीची गाडी सकाळी त्यांना घरी सोडते. अंगणात तोंड धुता धुता ते आईला आदल्या प्रयोगाचा किस्सा सांगतात. मी फारशी बोलत नाही, म्हणून माझ्यासमोर सगळेच बोलतात. असे कितीतरी किस्से माझ्याकडे साचलेत. त्यांतले काही हसायचे आहेत, पण आई अलीकडे हसत नाही.

*

मूल गावच्या आठवडी बाजारात मी बाबांच्या शेजारी तराजू धरून बसते. एकदा एका बाईने टोपलीतला रोहू उचलला, गलफडं उघडून पाहिली, भाव केला. मग तिचं लक्ष बाबांच्या चेहऱ्याकडे गेलं आणि तिने मासा परत ठेवला.

"तूच ना रे तो, सुनेले जहर देणारा?"

"बाई, ते नाटकात," बाबा म्हणाले.

"नाटकात देते तो बाजारातबी देईन," असं म्हणून ती पलीकडच्या टोपलीकडे गेली.

बाबा खूश! मासे तसेच घरी परत आले, तरी वाटभर ते हेच सांगत होते, "बाईनं ओळखलं मले." आईने माशांना मीठ लावून ते वाळत घातले.

*

जाळं सांधताना बाबा संवाद पाठ करतात. समोर बसून सुनेची वाक्यं मी वाचते. हळू वाचते, म्हणून ते रागावतात. एकदा मी त्यांना विचारलं, की इतक्या दुष्ट माणसाचं काम करताना किळस येत नाही का?

बाबांनी दोरा दाताने तोडला. "वाईट माणूस सोताले वाईट समजतच नाई बेटा. त्याले वाटते, आपला हक्कच होय. मी त्याले वाईट समजलो का नाटक पडलं."

"मग त्याला वाईट कोणी समजायचं?"

"तिकीट काढून येतात ना, त्यायनं!"

*

मागच्या हंगामात आमच्याच गावात मंडईला बाबांच्या कंपनीचं नाटक होतं. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा. सगळे पाहुणे येतात आणि नाटक पाहूनच जातात. बाबा त्यात म्हाताऱ्या आईला घराबाहेर काढणारा मुलगा झाले होते. तिचं गाठोडं ते लाथेने उडवतात, तेव्हा बायका बोटं मोडत होत्या. माझी धाकटी बहीण गुड्डी पाच वर्षांची आहे. ती झोपली असेल असं आईला वाटलं होतं. ती जागी होती.

दुसऱ्या दिवशी जेवताना बाबांनी रोजच्यासारखे माशातले काटे काढून एक घास गुड्डीच्या ताटात ठेवला. तिने तो बोटाने कडेला सरकवला आणि आईला विचारलं, "आजीले कुठी सोडून आला हा?"

आमच्या घरी आजी नाही. गुड्डी जन्मायच्या आधीच ती गेली.

तेव्हापासून गुड्डी बाबांच्या हातचं काही खात नाही. बाबा रोज काटे काढतात, रोज घास ठेवतात, आणि तो कडेला राहतो. शेवटी मांजर खाते. बाकी सगळे किस्से बाबा बाजारभर सांगतात. हा त्यांनी कोणालाच सांगितलेला नाही.

*

एका नाटकात बाबा दारुड्या झाले होते. बायकोच्या हातातलं भाताचं पातेलं ओढून घ्यायचं आणि मग दारात बसून रडायचं, असं ते काम. प्रयोगाला खूप टाळ्या पडल्या. चार दिवसांनी आमच्या गल्लीतले तुळशीरामभाऊ आले आणि अंगणात उकिडवे बसले. ते शुद्धीत होते. असे ते क्वचितच असतात.

"श्रावणभाऊ, मी असा रडतो का?"

बाबांनी त्यांची चाल घेतली होती, खांद्यावरचा दुपट्टा घेतला होता, रडणंही घेतलं होतं. आम्हा सगळ्यांना ते ओळखू आलं होतं. बाबांनी मला चहा ठेवायला सांगितलं. मी चहा आणेपर्यंत तुळशीरामभाऊ निघून गेले होते. त्या सकाळी बाबा जाळं घेऊन तलावावर गेले नाहीत.

*

या वर्षी हंगाम सुरू होताच बाबांनी कंपनीच्या मालकांकडे भल्या माणसाचं काम मागितलं. मालक हसले. "श्रावणभाऊ, तुमाले शिव्या द्याले लोक येतात. भल्या माणसासाठी कोण येते?"

घरच्या ताटातल्या घासाबद्दल बाबा त्यांना काय सांगणार!

पण आमच्या गावच्या मंडईच्या तोंडावर, म्हाताऱ्या गुरुजींचं काम करणाऱ्या नटाचा आवाज बसला. मालक स्वतः आमच्या घरी आले. ते गेल्यावर बाबांनी मिशी काढली. ती त्यांनी इतकी वर्षं खलनायकासाठी राखली होती. मग आईला म्हणाले, "गुड्डीले समोर बसवजो."

*

नाटकात भावकीने लुबाडलेला नायक तहानेने व्याकूळ होऊन गुरुजींच्या दारात येतो. गुरुजी त्याला लोटाभर पाणी देतात आणि म्हणतात, "पी बेटा, हे घर तुझंच आहे." एवढाच प्रसंग. पांढरी दाढी लावलेल्या, पांढरं धोतर नेसलेल्या बाबांनी लोटा पुढे केला.

मागून कोणीतरी ओरडलं, "पिऊ नको बे!"

मग बायकाही ओरडल्या, "पिऊ नको बाबू, जहर आहे त्याच्यात!"

काही जण हसत होते. काही हसत नव्हते. नायक लोटा हातात घेऊन तसाच उभा राहिला. प्रॉम्प्टर पडद्याआडून तेच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता. बाबांनी एकदा आमच्या खुर्च्यांकडे पाहिलं. मग त्यांनी नायकाच्या हातातून लोटा परत घेतला आणि स्वतः तोंडाला लावला. अर्धा लोटा प्यायले. पाणी दाढीवरून ओघळलं. धोतराच्या सोग्याने काठ पुसून त्यांनी लोटा पुन्हा पुढे केला.

मागचे लोक उठून पाहू लागले.

गुड्डीने माझी बाही ओढली. "ताई, बाबा मरते का आता?"

पाण्यात काहीच नसतं, असं मी सांगणार होते. पण माझ्या तोंडून शब्द लवकर निघत नाहीत. तोवर तिने माझी बाही सोडली होती आणि ती स्टेजकडे पळत सुटली होती.