खंडेनवमीला तपासलेली रायफल

१९८९ साल. मी त्रेसष्ट वर्षांचा होतो. कारखान्यात बनलेल्या रायफलीला मी कधी हात लावणार नाही, हे इंग्लंडात वॉटफर्डजवळच्या आमच्या रायफल क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मीच ते सांगत सुटलो होतो. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं आयुष्य लेथवर. कारखान्यातून काय बाहेर पडतं ते मला कुणी शिकवायला नको.

माझी रायफल शेजारच्या लेथवरच्या गोऱ्या मित्राने हाताने केली होती. वसंतात तो वारला आणि उन्हाळा सरेपर्यंत तिची नळी झिजली. दुसऱ्या कुणाच्या हातची नळी मला नको होती. स्पर्धा तर तोंडावर आलेली. तेव्हा बंदुकांच्या दुकानदाराने एक तयार रायफल क्लबात आणून ठेवली. म्हणाला, चालवून बघा, मंगळवारी सकाळी येतो, हो की नाही ते सांगा. नाही म्हटलं तर माझी नेमबाजी संपली, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

आमच्या खेळात रायफल हातात तोलायची नसते. जड मेजावर वाळूच्या चामडी पिशव्यांवर ती निजवायची आणि शंभर यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या मारायच्या. पाचांचं मिळून एकच भोक पडलं पाहिजे, जितकं लहान तितकं चांगलं. त्यातून किती गेल्या हे कळावं म्हणून मागे कागदाची एक पट्टी हळूहळू सरकत असते. तिच्यावर प्रत्येक गोळी क्रमाने वेगळी उमटते.

सोमवारी खंडेनवमी होती. बायको म्हणाली, "अहो, आज शस्त्राची पूजा करायची, चालवायचं नसतं."

"ते त्या दुकानदाराला सांग. पूजाही करीन आणि चालवीनही."

तिने कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डबीत हळद-कुंकू दिलं. क्लबात कुणी हसायला नको म्हणून मी बोट ओलं करून ते रायफलीच्या खालच्या अंगाला, लाकडावर लावलं.

मैदानावर धुकं बसलं होतं. वारा ओळखायला मध्ये काठ्यांना रिबिनी बांधलेल्या असतात, त्या सगळ्या लोंबत होत्या. सोबतीला फक्त आमचा डॉक्टर. मूळचा पुण्याचा, इथल्या हॉस्पिटलात नोकरीला, नुकताच क्लबात आलेला. तो शेजारी दुर्बिणीला डोळा लावून बसला.

दोन गोळ्या मारल्या. तिसरीच्या आधी मधली रिबीन उचलली गेली. एकटीच. जवळून कुणी चालत जावं तशी. मग पडली. ती पडेपर्यंत थांबून मी तिसरी मारली, मग उरलेल्या दोन.

"काका, चार एका भोकात! एक मात्र वर डावीकडे पळाली."

"मधली रिबीन हलली ना."

"कुठलीच नाही हलली. मी बघत होतो की."

दुसरा कागद लावला. तेच. तिसऱ्यावरही तेच. तिन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडाकडे धरले, तर त्या वरच्या भोकातून आरपार आभाळ दिसलं.

डॉक्टरने रायफल उचलली आणि हसायलाच लागला. "काका, हे काय! हिच्या पोटाला मळवट भरलात?" पुढच्या पिशवीवर कुंकवाचा ओला डाग पडला होता. "लाकूड चिकटतंय हो इथे. सरकणार कशी बिचारी?"

त्याने स्पिरिटने सगळं पुसलं, पिशवीवर टाल्कम पावडर मारली आणि स्वतः बसला. पाच गोळ्या, एक भोक. "घ्या, बरी झाली पेशंट. आता तुम्ही बसा."

जीव भांड्यात पडला. मी बसलो. दोन मारल्या. मधली रिबीन पुन्हा उचलली गेली, पुन्हा पडली.

डॉक्टर पट्टी काढून घेऊन आला. "परत तिसरीच, आणि त्याच जागी. पण गंमत बघा, चौथी मुकाट्याने घरी येते."

ते ऐकलं आणि मी मागे वळून बघितलं. माझा मित्र कुठलीही नवी नळी तपासायचा तेव्हा तिसरी गोळी मुद्दाम बोटभर वर, डावीकडे मारायचा. सांगू तिकडे जाते का आणि बोलावली की परत येते का, एवढंच त्याला बघायचं असे. डॉक्टरने त्याला कधी पाहिलं नव्हतं. मी ही गोष्ट कुणाजवळ बोललो नव्हतो.

"मागे कुणाकडे बघताय, काका?"

"कुणाकडे नाही. आवर चल."

गाडीत तो म्हणाला, "चार गोळ्यांत तुम्ही कुणालाही हरवाल."

"स्पर्धेत पाच असतात."

घरी बायकोने विचारलं, "कशी आहे हो रायफल?"

"पास झाली," मी म्हणालो. कुणी पास केली ते तिने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबात पोचलो तर दुकानदार माझ्या आधी येऊन उभा. रायफल उत्तम आहे, हाताने केलेलीच्या तोडीची आहे, असं मी त्याला चारचौघांत सांगितलं.

"मग ठेवताय ना?"

"नाही."

"दोष तरी सांगा."

"दोष नाही. दुसऱ्या कुणाच्याही हातात पाचही एका भोकात जातील, त्याला दे."

तो रायफल घेऊन गेला. मग स्पर्धेच्या फळ्यावरचं माझं नाव मी माझ्या हाताने पुसलं, मेजावरच्या माझ्या पिशव्यांची शिवण उसवली आणि आतली वाळू कुंपणाशी ओतून दिली.