राणीमाय, सरक वं

सानगडीच्या अलीकडे आमचं गाव. गावामागे मोहाच्या झाडांत राणीची आंघोळीची बोडी होती, छोट्या तळ्याएवढी, चारी बाजूंनी दगडी पायऱ्यांची. राणी कोणत्या राजाची, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पण ती अजून तिथे आंघोळीला बसते, याबद्दल कोणाला शंका नव्हती. म्हणून पाण्यात पाय घालण्याआधी प्रत्येक बाई म्हणायची, "राणीमाय, सरक वं जराशी." मग क्षणभर थांबायचं, तिला सरकायला वेळ द्यायचा, आणि उतरायचं.

आणीबाणीच्या आसपासचं वर्ष असेल. धानाचा रोवणा करून चिखलानं माखलेली माझी मोठी बहीण हसत-खिदळत पायऱ्या उतरली, ती जिवंत वर आलीच नाही. न विचारता उतरली म्हणून राणीनं ठेवून घेतली, असं बाया म्हणाल्या. त्या बायांचा मला अजून राग येतो. पायऱ्यांवर बोटभर शेवाळ होतं, ते कोणाला दिसलं नाही.

तेरवी झाल्यावर माय रोज दुपारी बोडीवर जाऊ लागली. आंघोळीला नाही, नुसती बसायला. बाबा म्हणायचे, "जाऊ दे, मन हलकं होते तिचं." मी मात्र लपून मागे जायची. ती रोज आदल्या दिवसापेक्षा थोडी खाली बसायची.

एके दुपारी ती अगदी पाण्यात पाय घालून उभी राहिली. हातात ना लोटा, ना कोरडं लुगडं. वाकून हळूच म्हणाली, "राणीमाय, सरक वं जराशी."

आणि थांबली. पाण्यात खरंच काहीतरी बाजूला झालं. मासा असेल, असं आज कोणी म्हणेल. म्हणू दे.

मी ओरडले, "माय, मले भूक लागली!" भूक कसली, मला दुसरं काही सुचलंच नाही.

ती वळली. मी कोण, हे आठवत असल्यासारखी बराच वेळ बघत राहिली. मग पदर खोचला आणि पाण्याला म्हणाली, "मोठीचं आंग तूच धुऊन देत जाय, राणीमाय. लहानी उपाशी हाये."

घरी आल्यावर तिनं मला ताटभर भात वाढला. तिचं लुगडं अजून निथळत होतं. मला घास गिळवत नव्हता, तरी मी शेवटच्या शितापर्यंत जेवले, आणि ताट पुढे करून आणखी मागितला.