मोनाची दाढ

कबनूरच्या क्रांतीबाईंनी वीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात काढली, त्यामुळं त्यांचा आवाज कायम वरच्या पट्टीतला. लेक मोना एकतीस वर्षांची, स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली. बोलायची मोजकंच, पण मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या कामात तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं.

गेल्या वर्षी मोना अचानक ओरडायला, स्वतःच्या गालावर बुक्क्या मारायला लागली. क्रांतीबाई तिला कोल्हापूरच्या मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. त्यांनी मान वर करून बघितलंही नाही. "स्वमग्नतेत चिडचिड असतेच," म्हणाले आणि गोळी लिहिली. चार महिन्यांत मोना अकरा किलोनं फुगली, दिवसभर पेंगायला लागली. डॉक्टरांनी तक्त्यात चिडचिडीपुढं 'कमी' असं लिहून टाकलं. झोपलेलं माणूस चिडणार कसं? क्रांतीबाईंचं डोकंच फिरलं.

पुढं त्याच डॉक्टरांचं पालकांसाठी व्याख्यान झालं. पडद्यावर रंगीत आलेख, तोंडी नव्या औषधांचं कौतुक. क्रांतीबाई उठल्या.

"डॉक्टर, ह्यात माझ्या लेकीएवढ्या बायका किती हायती?"

"बहुतेक अभ्यास लहान मुलग्यांवरचे आहेत."

"आन किती दिवस बघितलं त्यास्नी?"

"साधारण आठ आठवडे."

"पोरगी वरसानुवरसं गोळ्या खाणार, आन तुमी बघणार आठ आठवडं! तिला काय होतंय, हे तरी इचारलं का कुणी?"

"ते पालकांच्या उत्तरांवरून ठरवतो. यावर अजून संशोधन व्हायला हवं."

"व्हय की! तवर तुमचा आलेख भिंतीला लावून बघत बसतो आमी."

सभागृह हसलं. डॉक्टर पाणी प्याले.

दुसऱ्याच दिवशी क्रांतीबाई मोनाला इचलकरंजीच्या फॅमिली डॉक्टर अनुजाकडं घेऊन गेल्या. गालावर बुक्क्या मारते म्हटल्यावर अनुजाला आधी तोंड बघायचं होतं, पण मोना ते उघडेना. अनुजा पाऊण तास तिच्यासमोर जमिनीवर बसून राहिली. शेवटी मोनानं 'आ' केला. डावी दाढ पार किडलेली, हिरडी टम्म सुजलेली! दाढ दातांच्या डॉक्टरांकडून काढून घेतली, गोळी अनुजानं हळूहळू उतरवत बंद केली. बुक्क्या कायमच्या थांबल्या.

क्रांतीबाई दाढ पुडीत बांधून, मोनाला घेऊन कोल्हापूरला गेल्या आणि मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"ही बघा चिडचिड."

"एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही, बाई."

"तुमास्नी एका पेशंटचं तोंड उघडून बघाय येत न्हाय, आन निघालाय सिद्ध कराय!"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. मोना त्याआधीच दाराबाहेर जाऊन उभी राहिली होती.