बेल वाजवण्याआधीची धडधड

तुम्ही म्हणाल, रक्त काढणाऱ्या बाईकडे कसले किस्से असणार! अहो, रोज सकाळी सहा ते दहा मी सात-आठ अनोळखी घरांत शिरते. लोक नुकते उठलेले असतात, चहा मिळालेला नसतो, वर मी सुई घेऊन दारात! किस्से होणार नाहीत तर काय?

अकरा वाजता आम्ही गोरेगावच्या लॅबमध्ये परत जमतो. चहा येतो आणि कोणीतरी म्हणतं, "आज काय झालं माहितेय?" की पडली ढिगात आणखी एकाची भर. सुनीता कांबळेचे किस्से ऐकून सगळे हसतात. माझे आणि आरिफचे ऐकून आधी हसतात, मग जरा वेळ कपातल्या चहाकडे बघत बसतात.

मी नसीम पारकर. मूळची चिपळूणकडची, राहते जोगेश्वरीला. बारा वर्षं झाली या कामात.

* * *

रस्त्यावर मी डोक्यावरून ओढणी घेते. पेशंटच्या बिल्डिंगखाली आले की ओढणी बॅगेत, डोक्यावर लॅबची निळी टोपी, तोंडावर मास्क. केस झाकलेले राहतात आणि दारही उघडतं.

सुनीता म्हणते, "तुझा हिजाब डिस्पोजेबल आहे यार!"

मी हसते. पण ते इलास्टिक कानामागे ओढताना रोज एकदा मनात येतं, अल्लाहला हे चालत असेल ना? मी झाकतेय, की लपवतेय?

तर असाच रमजान चालू होता आणि बोरिवलीच्या एका आजींकडे गेले होते. ओळखपत्रावर माझं नाव छापलंय 'एन. पारकर'. आजींनी चष्मा वर करून वाचलं आणि एकदम खूश!

"पारकर? म्हणजे आमच्या मालवणातले! बस गो. चाय घे आधी."

"नको आजी, उपवास आहे."

"आज कसलो? संकष्टी तर परवा झाली."

आता काय सांगायचं? दाराला आतून कडी. आजींच्या दंडाला मी पट्टा बांधलेला. आतल्या खोलीत टीव्हीवर कोणीतरी आमच्याच लोकांबद्दल ओरडत होतं, तेही स्पष्ट ऐकू येत होतं. खोटं बोलावं तर रोजा, खरं बोलावं तर...

"रोजा आहे, आजी," मी म्हटलं.

टीव्हीवाला ओरडतोय. मी सुई परत ट्रेमध्ये ठेवली.

आजींनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या ट्रेकडे पाहिलं.

"अगो, मग काढ ना लवकर! मीपण काल रात्रीपासून उपाशी आसंय. फास्टिंग शुगर माझी!"

* * *

आरिफ माझ्याबरोबरच काम करतो. दोन मुलांचा बाप, दाढीवाला, बोलायला इतका हळू की पेशंट दोनदा "काय?" विचारतात. त्याचा हा किस्सा अंधेरीचा.

एका सोसायटीत चार घरांचे नमुने गोळा करून तो खाली आला. लॅबमधून फोन येत होता आणि लॉबीत नेटवर्क मिळेना. म्हणून नमुन्यांची काळी बॅग बाकावर ठेवली आणि गेटबाहेर जाऊन बोलला. पाच मिनिटं, फार तर.

परत आला तर बाकाभोवती पंधरा माणसं!

"बॅग कोणाची?"

"माझी," आरिफ म्हणाला.

त्याची दाढी बघून सगळे दोन पावलं मागे सरकले.

"नाव काय?"

"आरिफ."

आणखी दोन पावलं. एक बाई लहान मुलाला उचलून जिन्यावर पळाली. कोणी म्हणालं पोलिसांना बोलवा, कोणी म्हणालं आधी धरा. एकाने मागून त्याची कॉलर पकडलीसुद्धा. आरिफ सांगतो, त्या क्षणी त्याला फक्त एकच दिसलं, की सहा-सात मोबाइल त्याच्या तोंडावर रोखलेत. आपला व्हिडिओ आता बायको बघणार, एवढंच डोक्यात.

"उघडतो, उघडतो! हळूहळू उघडतो," तो दोन्ही हात वर करून म्हणाला.

चेन उघडली. आत बर्फाच्या पिशव्या, ट्यूबा आणि पांढऱ्या झाकणाच्या तीन बाटल्या. सगळ्यांत पुढे हाफ पँटमधले एक साहेब होते, सोसायटीचे सेक्रेटरी. ते गरजले, "ती बाटली कसली? काय भरलंय त्यात? बोल!"

आरिफने बाटली फिरवून लेबल वाचलं.

"बी विंग, सातशे दोन, दारावर 'सेक्रेटरी'ची पाटी. साहेब, तुमचीच आहे. मॅडमनी दारात दिली. सकाळची पहिली लघवी."

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं हसलं. कॉलरवरचा हात सुटला.

लॅबमध्ये हे ऐकून सुनीता टेबलावर हात आपटून हसत होती, डॉक्टर मॅडमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मग आरिफने कप उचलला आणि चहा बशीत, टेबलावर, शर्टावर सांडला. पुढचे दोन दिवस त्याला शीर सापडेना, त्याची सगळी घरं सुनीताने केली.

"ते हसले म्हणून मी सुटलो," तो म्हणाला. "बाटली दुसऱ्या कोणाची असती तर?"

* * *

भीती काय फक्त माणसांचीच असते का!

माझ्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना अम्मा म्हणतो. वीस वर्षांची शुगर, इन्सुलिन चालू, आणि एकही रोजा सोडायचा नाही! मी सांगून थकले, डॉक्टर सांगून थकले. "माझं आणि अल्लाहचं बघून घेऊ आम्ही," हे एकच उत्तर.

एका दुपारी चारच्या सुमारास घरी आले तर अम्मा जमिनीवर भिंतीला टेकून बसलेल्या. कपाळावर घाम, हात बर्फासारखे, नजर माझ्या पलीकडे कुठेतरी. बोट टोचलं. शुगर बावन्न! मी साखरेचं पाणी घेऊन धावले तर त्यांनी ओठ घट्ट मिटले. जीभ जड झालेली, तरी मान हलवत होत्या. नाही म्हणजे नाही.

इक्बालने, माझ्या नवऱ्याने, मशिदीतल्या इमामसाहेबांना फोन लावून स्पीकरवर टाकलं. इमामसाहेब मोठ्याने म्हणाले, "अम्मा, जीव वाचवणं आधी. रोजा सोडा. मी सांगतोय ना!"

अम्मांनी कसाबसा एक डोळा उघडला. "हा इक्बाल आहे. आवाज बदलून बोलतोय."

शेवटी इमामसाहेब स्वतः धावत आले. साठी उलटलेले गृहस्थ, चार मजले चढून, धापा टाकत अम्मांसमोर उकिडवे बसले. ग्लास स्वतः त्यांच्या तोंडाला लावला.

"गुनाह झाला तर तुमच्या माथी," अम्मा पुटपुटल्या.

"मंजूर!"

मग प्यायल्या. अर्धा ग्लास, मग पूर्ण. पंधरा मिनिटांनी मला ओळखलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पाण्यात लिंबू का नाही घातलंस?" मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर ओढणी दाबून रडले.

इमामसाहेबांना सोडायला जिन्यापर्यंत गेले. कठड्याला धरून ते तसेच उभे राहिले. माझ्या हातातल्या शुगर मशीनकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "बेटी, जरा माझंही बघतेस का? मलाही इन्सुलिन चालू आहे. घरी कोणाला सांगू नकोस."

* * *

एकदा कुठेतरी काहीतरी झालं होतं. कुठे, काय, ते सोडा. सकाळपासून मोबाइल बघवत नव्हता. रिक्षात बसले तरी ओढणीचं टोक हातात धरून बसले होते. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "नसीम, आज बाहेर नको जाऊस. काउंटरला बस." पण आरिफ रजेवर, घरं अकरा, सुनीता एकटी.

सुनीताने गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि माझ्या गळ्यात घातलं. "हे घाल. फोटोत तशाही दोघी भुतासारख्या दिसतो."

चुकीचंच होतं ते. नंतर मॅडमनी दोघींना असं झापलं! पण तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. घाटकोपरला मी बिनधास्त बेल वाजवली. आज कोणी काही विचारणार नाही.

एका वृद्ध गृहस्थांनी दार उघडलं. हसले, "या, या" म्हणाले. मग नजर गळ्याकडे गेली.

"कांबळे?"

"हो."

दारात उभे होते, तिथून हलले नाहीत. आतून एक प्लॅस्टिकचं स्टूल आणवलं आणि बाहेर ठेवलं, चपलांच्या कपाटाशेजारी. "इथेच काढा. आत सगळं पुसून झालंय."

जिन्यात बसून मी त्यांचं रक्त काढलं. शेजारची मुलगी शाळेत जाताना आमच्याकडे बघत गेली. कापसाचा बोळा त्यांच्या हातावर ठेवायला गेले तर म्हणाले, "द्या इकडे, मी धरतो."

अकराला ओळखपत्र परत दिलं. सुनीता बिस्कीट बुडवत होती. मी सांगितलं.

"मी शाळेत 'सुनीता के.' असंच सांगायचे," ती म्हणाली. "के म्हणजे कुलकर्णीपण होतं ना!" मग बिस्कीट तुटून कपात पडलं, ते चमच्याने शोधत तिने विचारलं, "बोल, कसं वाटलं माझं नाव?"

"गळ्याला काचतं गं."

* * *

हा छोटासा. माझी झोया नऊ वर्षांची. मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिला मॉलमध्ये घेऊन गेले. सरकत्या जिन्यावर ती माझा हात धरून म्हणाली, "मम्मी, ते बघ!"

ही मला जन्मापासून अम्मी म्हणते. मी विचारलं, "आज मम्मी कसं काय?"

तिने मागेपुढे पाहिलं. माझ्या कानाशी आली.

"घरात अम्मी, बाहेर मम्मी. मी ठरवलंय. तू घाबरू नकोस."

* * *

आणि हा मुलुंडचा.

दारावर गणपतीची टाइल, उंबऱ्यावर ताजी रांगोळी. फॉर्मवर सत्तरीच्या बाईंचं नाव. दुसऱ्या दिवशी हृदयाचं ऑपरेशन, त्याआधीच्या तपासण्या. मुलाने दार उघडलं, आतल्या खोलीत नेलं आणि स्वतः हॉलमध्ये ऑफिसच्या मीटिंगला बसला. सून स्वयंपाकघरात होती. कुकरची शिट्टी होत होती.

बाई पलंगावर बसलेल्या. मोठं कुंकू, हिरव्या बांगड्या, समोर देवाऱ्यात दिवा. त्यांनी माझं ओळखपत्र हातात धरून पाहिलं.

"एन म्हणजे?"

"नसीम."

"दार लोटून घे," त्या म्हणाल्या.

दार लोटायला सांगून लोक चांगलं बोलत नाहीत, हा अनुभव. तरी लोटलं.

"नमाज पढतेस?"

झालं, म्हटलं. आता तक्रार जाणार लॅबला. "जमेल तशी पढते," मी म्हणाले आणि दंडाला पट्टा बांधायला घेतला.

"आयतुल कुर्सी येते?"

आमच्यात लहानपणीच कुराणातली ही आयत पाठ करून घेतात. भीती वाटली, प्रवासाला निघालं, कोणी आजारी पडलं, की हीच म्हणायची. मी नुसती मान हलवली.

"मी म्हणते. अडले तर सांग."

आणि त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली. अगदी हळू, ओठांतल्या ओठांत. एकेक अक्षर घशातून जिथून यायला हवं तिथून, लहानपणी घरात घोटून घेतलेलं असावं तसं. मी सुई लावली, शीर मिळाली, ट्यूब भरायला लागली. त्या म्हणत होत्या. शेवटाच्या जरा आधी थांबल्या. पुन्हा मागे गेल्या, पुन्हा तिथेच थांबल्या. डोळे उघडले. इतकी घाबरलेली नजर मी सुईसमोर कधी पाहिली नाही.

"पुढे काय गं? पुढचं गेलं माझं."

मी वाकून त्यांच्या कानाशी ते दोन शब्द म्हटले. त्यांचे ओठ हलले. दोन शब्द, मग पुढचे, मग शेवटपर्यंत.

दार ढकलून मुलगा आत आला. कानात हेडफोन, कपाळाला आठी.

"काय कुजबुज चाललीय? आई, काय म्हणतेय ही?"

मी ट्यूबकडेच बघत राहिले. वर बघायची हिंमतच झाली नाही.

"काही नाही रे," बाई म्हणाल्या. "मूठ घट्ट धरा म्हणतेय."

मी सुई काढली, कापूस लावला. म्हटलं, "झालं काकू, आता मूठ सोडा."

त्यांनी सोडली नाही.