सख्ख्या बहिणीची किडनी

कमरबीच्या तोंडाला लागू नये, हे आमच्या कुंभारीच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. ती विड्या वळते, मीही वळते. पण ती मांडीवर सूप घेऊन दारात बसली की माणसं रस्ता बदलतात. घरात भावाशी दखनी बोलेल, भांडण मात्र मराठीत. सगळ्या गल्लीला कळलं पाहिजे ना!

या बाईनं तीन वर्षांपूर्वी आपली एक किडनी भावाला, नबीलालला दिली. तो रिक्षा चालवायचा. तिच्या शेजारीच राहतो. ऑपरेशननंतर त्याला घरी आणल्यापासून तिनं त्याच्या दारात ठाणच मांडलं. ईदला गळाभेटीला आलेल्या चुलतभावाला, "शिंकतुयास, आन् गळ्यात पडतुयास व्हय रं?" म्हणून हाकललं. मला साधं पडसं झालं होतं, तर मलाही अंगणातूनच पिटाळलं. तो राग माझ्या मनात होताच.

डॉक्टरांनी त्या दोघांना नीट समजावलं होतं. शरीरात पांढऱ्या पेशींचा पहारा असतो. बाहेरचं काही आत आलं, मग तो रोगाचा जंतू असो की दुसऱ्याची किडनी, त्या तुटून पडतात. गोळ्या त्यांना दाबून ठेवतात, म्हणून जन्मभर चुकवायच्या नाहीत. कमरबीनं भावाला तेच गल्लीला ऐकू जाईल असं मराठीत दटावून सांगितलं, "कारखान्यात विड्या तपासणारा दुसऱ्या हातची विडी वळखतो का न्हाय? चांगली आसली तरी फेकतो. तसं हाय ते."

नबीलालला ते पटलं नाही. एक दिवस मला म्हणाला, "सोजरमावशी, एका आईची लेकरं आमी. सख्ख्या भनीची किडनी परकी कशी वो?"

मला तरी कुठं कळत होतं? मी म्हणाले, "खरं हाय बाबा. गोळ्या खाऊन आंगातली ताकद घालवतुयास. गुळवेल घे. करोनात आमी त्याच्यावरच तरलो."

कमरबी विड्या द्यायला कारखान्यात गेली की मी गुळवेलीचा काढा तांब्याभर पोचवायची. खोटं कशाला बोलू, तिच्या नाकावर टिच्चून काही करतेय याचं सुखही होतं त्यात.

त्यानं गुपचूप गोळ्या सोडल्या. गोळ्यांनी होणारी हातांची थरथर थांबली, तसा तो खूश झाला. मीही मिरवलं. दोन महिन्यांत पाय सुजले, लघवी कमी झाली. दवाखान्यात कळलं, त्याच्याच पेशींनी किडनीवर हल्ला चढवलाय. डॉक्टर म्हणाले, गोळ्या सोडल्या ते सोडल्या, वर गुळवेल पाजून त्या पेशींना चेव आणलात. इंजेक्शनांनी किडनी वाचली, पण तिचं काम निम्म्यावर आलं.

कमरबीनं माझा तांब्या माझ्या दारात आपटला आणि गेली. तेव्हापासून एक शब्द नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

भावाशीही बोलत नाही. सकाळ-संध्याकाळ आठच्या ठोक्याला जाते, गोळी त्याच्या जिभेवर ठेवते, पाणी पाजते आणि गिळली का ते तोंड उघडायला लावून बघते. परवा तो दारातच रडकुंडीला आला. मी समोरच्या ओट्यावर होते.

"आपा, कवर राग धरतीस? रोज मला बगायला येतीस, मग दोन शब्द बोल की."

"तुला बगायला कोण येतंय?" ती म्हणाली. "मी माज्या किडनीसाठी येती."