थांबारावांनी नापास केलेला फोन

लिफ्टची देखभाल करणाऱ्या आमच्या संस्थेत सोळा मेकॅनिक होते. त्यांपैकी एकाचे खरे नाव हजेरीपटाबाहेर कोणी उच्चारल्याचे मला स्मरत नाही. दुरुस्ती संपून इमारतीतली मंडळी आत शिरू लागली, की हे गृहस्थ दारात हात आडवा धरून "थांबा" म्हणत. मग ते एकटे वर जात, एकटे खाली येत आणि पुन्हा एकटे वर जात. तोवर खाली थांबलेल्यांपैकी निम्मे लोक जिन्याने घरी पोहोचलेले असत. या सवयीवरून त्यांना थांबाराव हे नाव पडले आणि ते त्यांनी तक्रार न करता स्वीकारले.

मी त्या संस्थेत कार्यालय अधीक्षक होतो. पुढील हकिकतीचे सर्व कागद माझ्याच हातून गेले असल्यामुळे ती तपशिलासह सांगता येते.

एकतीस वर्षे पोलादी दोर आणि वंगण हाताळून थांबारावांच्या बोटांची टोके जोड्याच्या तळव्यासारखी झाली होती. त्यामुळे काचेचा फोन त्यांना ओळखतच नसे. त्यांच्या लेकीने लग्न होऊन परगावी जाताना हौसेने असा एक फोन वडिलांना दिला होता. बोटाने दाद न दिल्यामुळे ते तो नाकाच्या शेंड्याने चालवीत. "सगळी दुनिया फोन कानाला लावते, आमच्याकडे आधी नाकाला लावावा लागतो," असे त्यांच्या पत्नी येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत. नाकाने फोन घेता येतो. परंतु दोन ओळी लिहिता येत नाहीत.

अशा स्थितीत नवे व्यवस्थापक आले आणि त्यांनी परिपत्रक काढले. पुढील महिन्याच्या एक तारखेपासून प्रत्येक कामाचा अहवाल कामाच्या जागेवरून फोनने पाठवावा, त्याची प्रत ग्राहकास जावी आणि कागदी अहवालपुस्तिका बंद व्हाव्यात. ज्यास हे जमणार नाही, त्याची नेमणूक स्टोअरमध्ये होईल. आमचे स्टोअर तळघरात होते. ज्या माणसाने उमेदीची सगळी वर्षे गच्चीवरच्या यंत्रखोल्यांत वाऱ्यावर काढली, त्याने निवृत्तीपूर्वीची शेवटची दोन वर्षे तिथे नटबोल्ट निवडत बसायचे होते.

परिपत्रक वाचून थांबाराव माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी तक्रार केली नाही. "भाऊसाहेब, स्टोअरला खिडकी आहे का हो?" एवढेच विचारले.

"पंखा आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि ते गेले. त्या दिवशी मला जेवण गोड लागले नाही.

दोन दिवसांच्या चौकशीनंतर मला एक फोन सापडला. तो स्वस्त होता, कामकाजी माणसांसाठी काढलेला होता आणि मुख्य म्हणजे त्याच्या आखूड पडद्याखाली पस्तीस कळांचा खराखुरा कळफलक होता. मी कळफलक म्हणे. थांबाराव शेवटपर्यंत त्याला बटणांची पट्टीच म्हणत राहिले. विक्री प्रतिनिधीने तीन आठवड्यांसाठी एक नमुना दिला. व्यवस्थापकांनीही संमती दिली: थांबारावांनीच परीक्षण करावे, शंभरांपैकी सत्तर गुण मिळाल्यास असे सोळा फोन घ्यावेत, न मिळाल्यास विषय बंद. परीक्षणाचा तक्ता मी आखला. वीस मुद्दे, प्रत्येकी पाच गुण.

तक्ता हाती देताना मी माझ्या सेवाकाळातील एकमेव गैरवाजवी सूचना केली. मी म्हणालो, की गुण देताना हात जरा सैल ठेवावा. मी लिफ्टच्या ब्रेकची तार कापायला सांगितली असावी, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"ज्या लिफ्टमध्ये आईला बसवणार नाही, तिच्यावर मी सही करत नाही, भाऊसाहेब."

फोनमध्ये कोणाच्या आईला बसायचे नाही, हे मी निदर्शनास आणून दिले.

"सही तर तीच आहे ना," ते म्हणाले.

पहिल्या दिवशी त्या फोनने त्यांचे मन जिंकले. बटण दाबल्याचे डोळ्याला नव्हे, बोटाला कळले पाहिजे, हा लिफ्टच्या बटणांसाठी त्यांचा जुना दंडक होता. त्या मुद्द्याला पूर्ण पाच गुण मिळाले. त्यांनी हातमोजे घालून लिहिले, खिशात हात ठेवून लिहिले, शिडीवर एका पायावर लिहिले. सायंकाळी लेकीला आयुष्यातला पहिला संदेश पाठवला: "मी लिहितोय." लेकीने ताबडतोब आईला फोन करून विचारले, की बाबांचा फोन कोणी चोरला.

त्यानंतर टिकाऊपणाची परीक्षा सुरू झाली. नवे बटण बसवण्यापूर्वी ते पाचशे वेळा दाबून पाहावे, ही थांबारावांची पद्धत. पस्तीस कळा आणि प्रत्येकी पाचशे वेळा, हे काम एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे असल्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्नीचीही नेमणूक झाली. एका हाताने भाजी ढवळत दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यांनी दोन ओळी संपवल्या. तिसऱ्या ओळीच्या प्रारंभी मात्र त्या म्हणाल्या, "बघायला आलात तेव्हा हे काही बोलला नव्हतात."

चूक पुसण्याची कळ थांबारावांनी स्वतःकडे ठेवली. चूक सुधारणारे बटण सगळ्यांत दणकट हवे, या न्यायाने तिला पाचशेऐवजी हजार दाब ठरवले. अकराव्या दिवशी, नऊशे त्रेचाळिसाव्या दाबाला, ती कळ आत गेली ती बाहेर आलीच नाही.

मी दुसरा नमुना मागवण्याची तयारी दाखवली. शेजारची लिफ्ट बघून या लिफ्टचा अहवाल लिहीत नाहीत, असे उत्तर मिळाले.

आता पुसणे बंद झाले म्हणजे माणूस मजकूर टाकून नव्याने लिहील, असे कोणासही वाटेल. परंतु कागदी पुस्तिकेचा नियम असा होता, की पान फाडू नये, खाडाखोड करू नये, चूक झाल्यास पुढे बरोबर ते लिहावे. तो नियम वीस वर्षांपूर्वी मीच घातला होता आणि तो फोनला लागू नाही, असे थांबारावांना कोणी कळवलेले नव्हते. परिणामी ग्राहकांच्या हाती पुढीलप्रमाणे अहवाल पडू लागले:

"तिसऱ्या मजल्यावर दार अडते. दार नव्हे चौकट. चौकट पण नव्हे पायपुसणे. पायपुसणे काढले. लिफ्ट उत्तम."

आणि दुसऱ्या एका इमारतीचा:

"सेक्रेटरी म्हणतात लिफ्ट हळू चालते. वेग मोजला. बरोबर आहे. सेक्रेटरींना घाई फार. हे वाक्य पुसायचे होते."

तीन आठवडे संपले. भरलेला तक्ता माझ्याकडे आला, तेव्हा मी बेरीज तीनदा केली. एकोणसत्तर. पुसण्याच्या कळेला शून्य होते. विजेरीच्या मुद्द्यात एक गुण सहज वाढवता येईल, असे मी सुचवून पाहिले. उजेड डावीकडे कलतो, असे सांगून त्यांनी खाली सही केली. मग कागद माझ्याकडे सरकवला.

व्यवस्थापकांच्या खोलीत आम्ही चौघे बसलो: ते, मी, प्रतिनिधी आणि खुर्चीच्या कडेवर टेकलेले थांबाराव. व्यवस्थापकांनी बेरीज पाहिली. सुटण्यासाठी दिलेली दोरी या माणसाने स्वतःच्याच हाताने कापली, याचे त्यांना नवल वाटलेले दिसले. ते शांतपणे म्हणाले, "मग ठरलं. एक तारखेपासून तुम्ही स्टोअरला."

"फोन नापास झालाय, साहेब," थांबाराव म्हणाले. "मी कुठे झालोय?"

मी लगेच फाइल पुढे ठेवली. सरावासाठी म्हणून सर्वच मेकॅनिक त्या तीन आठवड्यांत फोनने अहवाल पाठवीत होते. पंधरा जणांच्या अहवालांत "काम झाले" हे दोन शब्द आणि अंगठ्याचे चित्र होते. थांबारावांचे सव्वीस अहवाल होते, सर्व जागेवरून आणि प्रतीसह पाठवलेले. परिपत्रकात अहवाल फोनने यावा असे म्हटले आहे, तो उत्तीर्ण फोनने यावा असे म्हटलेले नाही, हे मी नम्रपणे दाखवून दिले.

व्यवस्थापकांनी पायपुसण्याचा अहवाल वाचला. पुन्हा वाचला. मग ते हसू लागले आणि बराच वेळ त्यांना थांबता येईना. ते म्हणाले, की त्या घाईवाल्या सेक्रेटरींचा परवाच त्यांना फोन आला होता. शिव्या खाण्याच्या तयारीनेच त्यांनी तो घेतला. परंतु आपल्या लिफ्टला नेमके काय होते, हे सात वर्षांत प्रथमच समजले, असे सेक्रेटरी म्हणाले. आणि घाईचे म्हणाल तर आपल्या डॉक्टरांचेही तेच मत आहे, अशी त्यांनी पुस्ती जोडली.

सोळा फोन घेण्याचा विषय तिथेच बंद झाला. थांबाराव गच्चीवर राहिले. नमुना परत घेण्यासाठी प्रतिनिधीने तो उलटसुलट पाहिला: नऊ कळांवरची अक्षरे झिजून गेली होती आणि एक कळ खचली होती. हा कंपनी परत घेणार नाही, असे तो पडेल चेहऱ्याने म्हणाला, आणि फोन थांबारावांकडेच राहिला. त्यांनी लिफ्टला लावायची चिठ्ठी कापून त्याच्या पाठीवर चिकटवली: "दोष नोंदवला आहे. जपून वापरावे."

महिनाभराने फोनच्या कंपनीचे पत्र आले. पुसण्याच्या कळेचा दोष त्यांना मान्य होता. ही चाचणी कोणत्या प्रयोगशाळेत व कोणत्या उपकरणाने केली, याची त्यांनी विचारणा केली होती. मी उलट टपाली कळवले: "स्थळ: स्वयंपाकघरातील टेबल. उपकरण: बोटे दोन, पैकी एक पत्नीचे."

दोन वर्षांनी थांबाराव निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमास ते अर्धा तास उशिरा आले, कारण सकाळची शेवटची लिफ्ट त्यांनी एकट्याने तीनदा वरखाली नेली होती. तिचा अहवाल त्यांच्या आधी पोहोचला होता. व्यवस्थापकांनी तो सर्वांसमोर वाचायला घेतला आणि मध्येच माझ्या हाती दिला. म्हणून तो मी वाचला:

"दोर तपासले. ब्रेक तपासला. आज शेवटचा दिवस. वाईट वाटत नाही. वाटते. लिफ्ट उत्तम."